ढोलीतल्या वाचनालयाची पाटी

बालमित्रांनो, ‘हल्लीची पिल्ले वाचतच नाहीत’ अशी सर्वांत मोठ्याने ओरड कोण करते, ठाऊक आहे? पुस्तकांच्या कपाटाची किल्ली ज्यांनी स्वतःच्या कमरेला खोचून ठेवलेली असते, तेच.

एका जंगलात, वडाच्या ढोलीत, साळिंदर एक वाचनालय चालवत असे. पिल्ले पाने फाडतात, असे त्याचे ठाम मत होते. म्हणून दारावर पाटी होती : ‘पिल्लांना आत प्रवेश नाही.’ मोठ्यांनी दारात उभे राहायचे, साळिंदराने पुढच्या फळीवरचे हाताला येईल ते पुस्तक द्यायचे, अशी रीत. एक खार दर रविवारी आपल्या पिल्लासाठी मोठ्या हौसेने पुस्तक नेई आणि पुढच्या रविवारी जसेच्या तसे परत आणी. “तू आणलंस ना, आई? मग तूच वाच,” असे म्हणून तिचे पिल्लू शेंगा सोलत बसे.

शेवटी एका रविवारी खारीने पिल्लाला बरोबर घेतले आणि सरळ आत पाऊल टाकले.

“खारूताई, पाटी दिसली नाही वाटतं?” साळिंदराने काटे फुलवले.

“दिसली. पण ज्यानं वाचायचं, त्यानंच निवडायला नको का, आजोबा?”

“याचे दात बघ. एक जरी पान कुरतडलेलं निघालं, तर तुझं नाव इथून कायमचं कमी.”

जंगलात दुसरे वाचनालय नव्हते. तरी ती म्हणाली, “कबूल.”

पिल्लू पुढची फळी ओलांडून थेट मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरले. खारीने ‘चांगल्या सवयी’ हे पुस्तक पुढे केले; पिल्लाने सापांचे पुस्तक ओढले.

“नको रे, स्वप्नात येतील.”

“येऊ देत. तूही ये स्वप्नात, म्हणजे झालं.”

खारीला हसू आले. “बरं, एक तुझ्या आवडीचं, एक माझ्या. दोन्ही मिळून वाचू.” दोघे शेजारी बसले. पिल्लाने पुस्तक उघडले, तर पानापानाला भोके.

“बघितलंस?” साळिंदर गरजला. “कुरतडलं.”

खारीला वाटले, संपले सगळे. पण पिल्लाने पुस्तक नाकाशी नेले. “माझ्या दातांची भोकं अशी नसतात, आजोबा. यात माती आहे.”

साळिंदराने शेजारचे पुस्तक काढले. पानांची नुसती चाळण. त्याच्या शेजारच्याचेही तेच. मागच्या भिंतीवर वाळवीची मातकट रेघ पार वरपर्यंत चढली होती. ज्यांच्यापासून इतकी वर्षे पुस्तके जपली, त्या पिल्लांनी एका पानालाही दात लावला नव्हता.

साळिंदराचे काटे खाली बसले. तो दारापाशी गेला आणि त्याने पाटी उतरवली.

पुढच्या रविवारी जंगलातली सारी पिल्ले आईबापांना ओढत घेऊन आली. वाळवीच्या तावडीतून वाचलेली पुस्तके त्यांनी झटकली, उन्हात मांडली, भांडून-भांडून निवडली. सशाच्या लेकीने भुतांचे घेतले, अस्वलाच्या लेकाने मधमाश्यांचे. साळिंदराच्या मांडीवर बसायला मात्र कुणी धजेना, म्हणून सगळी समोर बसून त्याच्याकडून गोष्ट ऐकू लागली.

“चला बायांनो, बिऱ्हाड हलवा,” एक म्हातारी वाळवी भिंतीवरून उतरत पुटपुटली. “इथं आता रोज कुणीतरी पान उलटतं.”

तात्पर्य : पुस्तक हाताळण्याने झिजते, पण बंद कपाटात ते मरते; म्हणून मुलांना वाचनालयात न्यावे आणि पुस्तक त्यांच्या संगतीनेच निवडावे.