धाकू तारी आणि वासूचे आवाज

फार वर्षांपूर्वी, आमच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा, धाकू तारी होडीने माणसं पलीकडे सोडायचा. त्याच्या वल्ह्याच्या आवाजाने काठावरचा बगळाही उडत नसे, असं म्हणतात.

त्याच गावात वासू मेस्त होड्या बांधायचा. बाविसाव्या वर्षी तो बदलला. रंधा मारता मारता थांबायचा आणि समोर कुणी नसताना उत्तरं द्यायचा. पुढे आईने वाढलेल्या भातात विष आहे म्हणू लागला. मग बोलणंही आटलं. अंघोळ नाही, काम नाही, दिवसभर कोपऱ्यात बसून. गाव म्हणालं, भूतबाधा. भगताने मिरच्यांची धुरी दिली आणि वासूला खांबाला बांधलं.

धाकूच्या थोरल्या बहिणीचंही असंच झालं होतं. ती बांधलेलीच गेली. म्हणून धाकू वासूसमोर जाऊन बसला.

"ते माका मारूच्या गजाली करतत," वासू पुटपुटला. "तुका आयकाक येतत?"

"माका नाय येत. पण तुका येतत, तां खरां. चल, पलीकडे डॉक्टर आसा."

त्याने दोर सोडला. वासू आणि त्याची आई भागीरथी होडीत बसली.

डॉक्टर म्हणाले, "हा मेंदूचा आजार. याला स्किझोफ्रेनिया म्हणतात."

"माजा काय चुकला?" भागीरथीने विचारलं.

"तुमचं काही नाही, बाई. काही घराण्यांत याकडे कल असतो, मग ताण, जागरणं याला वाट देतात. गोळ्या पुष्कळ दिवस चालतील. बरं वाटलं तरी थांबवू नका. आणि त्याला माणसांत ठेवा."

सुरुवातीला गोळ्यांनी वासूचे हात थरथरायचे. डॉक्टरांनी गोळी बदलली, हात स्थिरावले. वर्षभराने त्याला वाटलं, आता कशाला औषध? आणि त्याने गोळ्या सोडल्या. श्रावणात आवाज परत आले. खाडीला पूर होता, कुणी होडी काढेना. धाकूने काढली. असं म्हणतात, दोन्हीकडे लाटा उसळत होत्या आणि होडीखालचं पाणी ताटातल्यासारखं निवांत होतं. वासू मधे बसून रडत होता आणि धाकू त्याच्याशी माशांच्या गजाली करत होता.

त्यानंतर वासूने गोळी चुकवली नाही. आवाज पुरते गेले नाहीत, लांब गेले, एवढंच. त्याने पुढे एकवीस होड्या बांधल्या. भागीरथीने त्याच्या हातचं काम डोळे भरून पाहिलं, मग ती गेली.

आता धाकू नाही, वासूही नाही. पुलावरून मोटारी धावतात. तरी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्या धक्क्यावरून धाकूच्या नावाची एक होडी सुटते, मनाच्या औषधाला जाणाऱ्यांसाठी. सगळे बसले की तारी लगेच वल्हं मारत नाही. तो गावाकडे तोंड करून तीनदा साद घालतो, "कोण ऱ्हवला काय?"

आणि थांबतो. कुठल्यातरी घराचं दार उघडायला वेळ लागतो.