कासवाची पोलादी बोट

फार मागे, खाडीतले प्राणी हौसेपायी काहीही करत तेव्हा, एका कासवाला पलीकडच्या काठावर मुलगी बघायला जायचं होतं. पण ओल्या अंगानं जायचं कसं? त्याने खास मापाची, इंजिनाची पोलादी बोट बनवायचं काम खेकडा मिस्त्रीला दिलं आणि रोज त्याचं डोकं खाल्लं. केबिन पाठीसारखी गोल हवी, पडदे शेवाळी हवेत, आरसा मानेच्या उंचीला हवा.

“बोट सरळच जायला हवी ना, कासवराव?” खेकड्याने एकदाच विचारलं.

“हे काय विचारणं झालं, मिस्त्री? सरळच! तुम्ही पडद्यांचं बोला.”

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी नारळ फुटला. पलीकडे मुलीकडची मंडळी हार घेऊन उभी होती. कासवाने ऐटीत चाक धरलं, इंजिन धडधडलं आणि अख्खी बोट आडवी सरकत थेट समुद्राकडे निघाली.

“मिस्त्री! अहो, ही चाललीय कुठे?” कासव किंचाळलं.

काठावर उभ्या खेकड्याचे डोळे भरून आले होते.

“सरळ!” तो गहिवरून म्हणाला. “जन्मात पहिल्यांदाच एखादी बोट सरळ जाताना बघतोय.”