हिंगाच्या वासाची कचेरी

राजेसाहेबांचा हुकूम दोनच ओळींचा होता. ‘विसाजी दप्तरी यांनी आठ दिवसांत कचेरीत हजर व्हावे. न झाल्यास जागा दिवाणसाहेबांच्या मेहुण्यास देण्यात येईल.’

विसाजींच्या मांडीचं हाड मोडलं होतं. कचेरीतल्याच शिडीवरून पडले होते, आणि तेही राजेसाहेबांच्या पणजोबांची सनद शोधताना. हाडवैद्याने पायाला कामट्या बांधल्या आणि बजावलं, “तीन महिने उंबरठा ओलांडायचा नाही.” सोनखांब संस्थानात जुनी मोडी धडपणे वाचणारा माणूस तेवढा एकच. दिवाणसाहेबांच्या मेहुण्याला स्वतःची सहीसुद्धा दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे.

विसाजींची मुलगी मथुरा हुकमाचा कागद घेऊन थेट दरबारात गेली.

“सरकार, वडील घरी बसून काम करतील. दप्तरं घरी पाठवावीत.”

“अशक्य!” राजेसाहेब म्हणाले. एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. “सरकारी कागद सरकारी कपाटातच राहतो आणि सरकारी मेजावरच उघडतो. खासगी घरात तो पाऊल ठेवणार नाही!”

“आणि वडील घराबाहेर पाऊल ठेवू शकत नाहीत.”

“मग त्यांना सांग, घरी राहा आणि कचेरीतही बसा!”

दरबार हसला. राजेसाहेबांना आपलं वाक्य फार आवडलं. “जमलं तर जागा कायम. आठव्या दिवशी मी स्वतः बघायला येईन. आणि नवं मेज मागू नकोस. संस्थानातले सगळे सुतार दसऱ्यापर्यंत माझ्या झोपाळ्यावर आहेत.”

“बरं,” मथुरा म्हणाली आणि निघाली.

ती मुदपाकखान्याच्या मागून गेली. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात नुकतीच मुंबईहून नवी कपाटं आली होती. जुनी मागच्या अंगणात पडली होती. एकात कोंबडी अंड्यांवर बसली होती. कोठीवाला हरबा तिच्यावर लक्ष ठेवून होता.

“हरबाकाका, ही कपाटं कोणाची?”

“सरकारची. पण कोणी घेईना. एका रुपयात दोन ने.”

“विकत नको. उसनी द्या. आणि तसं लिहून द्या.”

“अगं, इतक्या स्वस्तात मिळतायत, मग उसनी कशाला?”

“विकत घेतली तर माझी होतील.”

“मग बिघडलं कुठं?”

“माझी कपाटं आहेत माझ्याकडे. ते कोठीचं जुनं दारही द्या.”

हरबाला काही कळलं नाही. लिहून द्यायला मात्र त्याची हरकत नव्हती. कोंबडी बसलेलं कपाट सोडून त्याने बाकीच्यांतली दोन बैलगाडीत चढवली आणि त्यांवर दार टाकलं.

घरी मथुराने दोन्ही कपाटं भिंतीलगत, मध्ये पाय पसरता येईल एवढी जागा सोडून मांडली. एक चार बोटं ठेंगणं निघालं. त्याखाली तिने जेवायचे दोन पाट सरकवले. वर दार आडवं टाकलं. दाराला कडीचं भोक होतं, त्यात दौत अशी घट्ट बसली की सांडायची सोय राहिली नाही. पळ्या अडकवायच्या खाचांत बोरू गेले. दूध-दही ठेवायच्या जाळीच्या कप्प्यांत दप्तरं राहणार होती. तिथे वारा जाणार होता, उंदीर नाही. विसाजी खुर्चीत बसले, कामट्यांचा पाय दोन कपाटांच्या मधे लांब केला आणि म्हणाले, “कचेरीत मला इतकं ऐसपैस कधी बसता आलं नाही गं.”

आठव्या दिवशी राजेसाहेब आले. मागून दिवाणसाहेब आले.

“हे काय?” राजेसाहेबांनी विचारलं.

“कचेरी, सरकार.”

“हे तर स्वयंपाकघर दिसतंय!”

“मागची बाजू बघावी.”

राजेसाहेबांनी वाकून पाहिलं. कपाटाच्या पाठीवर संस्थानची मुद्रा डागलेली होती. दाराच्या कडेलाही होती. मथुराने हरबाची चिठ्ठी पुढे केली.

“कपाट सरकारी, मेज सरकारी, वडीलही सरकारी. कागद आता खासगी घरात येणार नाही, सरकार. कचेरीतून कचेरीत येईल. वडील घरीही आहेत आणि कचेरीतही बसलेत.”

दिवाणसाहेब पुढे सरसावले. “सरकार, याला हिंगाचा वास येतो!”

“म्हणून वाळवी येत नाही, दिवाणसाहेब. तुमच्याकडच्या कपाटांना कसला वास येतो?”

मागच्याच वर्षी कचेरीतल्या वाळवीने दोन गावांच्या हद्दी खाऊन टाकल्या होत्या. ती गावं अजून भांडत होती.

पण राजेसाहेब सहजासहजी हरणारे नव्हते. “ते सगळं ठीक. पण घर ते घरच! दुपारी जेवून विसाजी आडवे झाले, तर काम कोण करणार?”

“सरकार, दुपारी कचेरीतही सगळे झोपतात. तिथं उठवायला कोणी नाही. इथं मी आहे!”

राजेसाहेबांनी दिवाणसाहेबांकडे पाहिलं. दिवाणसाहेबांनी दौतीकडे पाहिलं. आणि राजेसाहेब जे हसत सुटले, ते दाराच्या मेजावर दोन्ही हात टेकून हसले. मेज हललं नाही.

विसाजींची जागा कायम झाली. मथुराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि एक नवी नेमणूकही मिळाली. रोज दुपारी पालखीतून कचेरीत जायचं, आणि जो झोपलेला दिसेल त्याला उठवायचं.

पहिल्याच दिवशी तिने अकरा जणांना उठवलं. दिवाणसाहेबांना दोनदा.