आभाळाचा वाटा

एका माळरानावर टिटव्यांची एक वस्ती होती. तो माळ असा, की झाडांपेक्षा दगड जास्त आणि दगडांपेक्षा ऊन जास्त. एका कडेला उथळ तळे, त्यात डुंबणारी एक म्हैस, आणि बाकी सगळीकडे खडी. टिटव्या त्या खडीतच खळगा करून अंडी घालत. अंडी हुबेहूब खड्यांसारखी दिसत, म्हणून कोल्ह्याला आणि कावळ्याला ती सहसा सापडत नसत. उन्हाला मात्र सापडत.

कारण या वस्तीची एक रीत होती. सूर्य माथ्यावर आला, की सगळ्या टिटव्या अंडी सोडून उठत, माळाच्या मधोमध जमत, डोळे मिटून पाठीवर पडत आणि दोन्ही पाय वर करून आभाळ पेलून धरत. भर दुपारी आभाळावर सूर्याचा सगळा भार येतो, तेव्हा आधार दिला नाही तर ते कोसळेल, असे प्रत्येकीला लहानपणीच सांगितलेले असे. सावल्या लांब होईपर्यंत हे चाले. तोवर उघड्यावरची अंडी तव्यावर ठेवल्यासारखी तापत. काही वाचत, बरीच वाचत नसत. जी वाचत नसत, त्यांना ‘आभाळाचा वाटा’ म्हणत. आणि आभाळाच्या वाट्यासाठी रडायचे नाही, असाही नियम होता.

मुलांनो, त्या वस्तीत एक धाकटी टिटवी होती. मागच्या उन्हाळ्यात तिची चारही अंडी आभाळाच्या वाट्याला गेली होती. त्या दिवशी सकाळी तिने एका अंड्याला कान लावला, तर आतून टक टक ऐकू येत होते. दुपारी ती रीतीप्रमाणे पाय वर करून पडली. परत येऊन पुन्हा कान लावला, तर आत कोणीच नव्हते. या उन्हाळ्यात तिने पुन्हा चार अंडी घातली होती आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली होती : ही चार द्यायची नाहीत.

पण आभाळ खरेच पडले तर? म्हणून ती आधी थोरल्या टिटवीकडे गेली. सगळी वस्ती तिला आजी म्हणे.

“आजी, आभाळ आपल्या पायांवर उभं आहे, हे कळलं कशावरून?”

“कशावरून म्हणजे? पडलंय का आजवर?”

“नाही.”

“मग? वर तोंड करून विचारतेस काय!”

“पण आपण सगळ्यांनी पाय कधी खाली घेतलेच नाहीत. मग ते आपल्यामुळे पडत नाही, की मुळात पडणारच नाही, हे कळणार कसं?”

“एकीनं घेतले होते,” थोरली आवाज उतरवून म्हणाली. “माझ्या आजीच्या वेळी. भर दुपारी पाणी प्यायला गेली भवानी. त्याच दुपारी आभाळाचे तुकडे पडले. पांढरे, गार, बोराएवढे.”

“त्या गारा होत्या, आजी. गारा तर परवाही पडल्या. तेव्हा सगळ्यांचे पाय वर होते.”

“वर होते म्हणून तर तुकड्यांवर भागलं! नाहीतर अख्खं आलं असतं खाली.”

धाकटीची शेजारीण तिथेच पंख साफ करत होती. ती हसून म्हणाली, “घे! मिळालं उत्तर? आजींनी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत म्हटलं.”

“पाहिलेत कुठे?” धाकटी ताडकन म्हणाली. “दुपारी तर सगळ्या डोळे मिटून पडता.”

शेजारणीचे हसू चोचीतच राहिले. धाकटी पुन्हा थोरलीकडे वळली. “आजी, एवढंच सांगा. असं काय घडलं म्हणजे तुम्ही म्हणाल, की बाई, आपलं चुकलं?”

“आपलं चुकूच शकत नाही,” थोरली ताठ मानेने म्हणाली.

“म्हणजे आभाळ नाही पडलं तर ते पायांमुळे. थोडं पडलं तर थोडंच पडलं, तेही पायांमुळे. काहीही झालं तरी तुम्हीच बरोबर! मग हे आभाळाबद्दलचं ज्ञान कसं झालं? हे तर नुसतं ‘आम्ही बरोबर’ एवढंच झालं.”

“कालची पोर, आणि माझ्या तोंडाला तोंड देते!” थोरलीने पाठ फिरवली.

घरी आल्यावर धाकटीचा जोडीदार हळूच म्हणाला, “अगं, कशाला वाद? दुपारपुरतंच तर असतं ते.”

“अंडं मरायलाही एक दुपारच पुरते,” धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला. सगळ्या टिटव्या मधोमध जाऊन पाय वर करून पडल्या. धाकटी मात्र तळ्यावर गेली. भीती तिलाही वाटत होती. दर चार पावलांवर ती मान तिरपी करून वर बघत होती.

“काय गं, आज पाय जमिनीवर?” म्हशीने विचारले.

“हो. आभाळ पडतं का बघायचंय.”

“पडलं तर मला उठव,” म्हैस म्हणाली आणि तिने पुन्हा डोळे मिटले. जन्मभर ती चारही पाय चिखलात रोवूनच राहिली होती.

धाकटी पोटापर्यंत पाण्यात उतरली. पिसे चांगली भिजवून ती धावत खळग्याकडे आली आणि ओले पोट अंड्यांवर टेकवून बसली. अंडी चटके देत होती. हळूहळू ती निवली. आभाळ कोसळलेच तर आधी आपल्या पाठीवर यावे, म्हणून तिने पंख अंड्यांच्या दोन्ही बाजूंनी नीट पसरले. मग ती वाट बघत बसली.

आभाळ काही आले नाही. मधोमध मात्र कण्हणे सुरू झाले.

“आई गं! आज केवढं जड!”

“त्या बयेच्या वाट्याचं माझ्या पायांवर आलंय गं!” शेजारीण विव्हळत होती.

संध्याकाळी थोरली लंगडत आली. “ऐकलंस ना? तू पाय खाली घेतलेस आणि भार आम्ही सोसला. म्हणून वाचलीस.”

धाकटीचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत थोरली प्रथमच असे काही बोलली होती, जे तपासून बघता येईल.

“माझा भार तुमच्या पायांना कळतो, आजी? नक्की?”

“नक्की म्हणजे? पाय माझे आहेत!”

“मग उद्या आपण बघूच. तुम्ही डोळे मिटून पडा. मी तुमच्या मागे पडते. मी कधी पाय वर करीन, कधी खाली ठेवीन. तुम्ही नुसतं सांगायचं, जड की हलकं.”

“बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशातली गत झाली ही,” शेजारीण पुटपुटली. पण तिला उद्याची दुपार कधी एकदा येते असे झाले होते. थोरलीला सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना.

दुपारी धाकटीने जोडीदाराला तळ्यावर पिटाळले. “पोट भिजव आणि अंड्यांवर बस.”

“मी? भर दुपारी?” त्याने एकदा वर पाहिले, एकदा अंड्यांकडे पाहिले, एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो मुकाट्याने तळ्याकडे गेला.

थोरली डोळे मिटून पडली. मागे धाकटीने दोन्ही पाय वर केले.

“जड!” थोरली ओरडली. “कार्टीने पाय खाली ठेवलेत!”

धाकटीने पाय खाली घेतले.

“हं. आता कसं हलकं वाटतंय.”

धाकटीने पाय तसेच खाली ठेवले. थोरलीने बराच वेळ अंदाज घेतला. “आता जड आहे.”

“बघा! बघा, ओळखलं!” शेजारीण आनंदाने नाचू लागली.

“आणि आधी दोनदा चुकल्या, त्याचं काय?” धाकटीने विचारले.

“ते जाऊ दे गं.”

“का जाऊ दे? चुकलेलं विसरायचं आणि जमलेलं तेवढं मिरवायचं, असं केलं तर उद्या म्हैससुद्धा ज्योतिषी ठरेल!”

“आज आभाळच लहरी आहे,” थोरली तुटकपणे म्हणाली.

पण या वेळी तिच्या बोलण्यावर नेहमीसारख्या माना डोलल्या नाहीत. कारण गंमत बघायला अर्ध्याअधिक टिटव्या कधीच उठून उभ्या राहिल्या होत्या. नाचणाऱ्या शेजारणीचेही दोन्ही पाय जमिनीवर होते. ते तिच्या ध्यानात आले, तशी ती नाचता नाचता थांबली. तिने पायांकडे पाहिले. मग सावकाश वर पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर धाकटीच्या शेजारी येऊन उभी राहिली. “हे बघ, तुझं ऐकून आलेले नाही मी. पायाला मुंग्या आल्यात म्हणून आलेय.”

“बरं,” धाकटी म्हणाली. “पोट नीट भिजव.”

त्यानंतर रोज कुणाच्या ना कुणाच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. मधोमधची गर्दी पातळ होत गेली आणि तळ्यावरची वाढत गेली. आभाळ आपल्या जागी होते. शेवटी माळाच्या मध्यावर एकटी थोरली उरली. दोन काटकुळे पिवळे पाय वर करून ती रोज पडून राही आणि म्हणे, “जा, जा. मी आहे म्हणून तुम्ही आहात.”

धाकटी तिला ठणकावून विचारी, “तुम्ही एकट्या पेलू शकता, तर इतकी वर्षं बाकीच्या जणींना का निजवलंत?”

थोरली डोळे अधिकच घट्ट मिटून घेई, पण पाय खाली घेत नसे.

एके सकाळी धाकटीच्या खळग्यात टक टक ऐकू आले. दुपार आली. धाकटी पोट भिजवून बसली. टक टक थांबली नाही. संध्याकाळपर्यंत चार कवचे फुटली आणि चार ओली, ठिपक्याठिपक्यांची पिल्ले उंच पायांवर डुगडुगत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ती माळभर धावू लागली.

त्याच दिवशी दुपारी धाकटी तळ्यावर पाणी पीत होती. जोडीदार तीन पिल्लांना बाभळीखाली आवरत होता. चौथे पिल्लू भटकत भटकत माळाच्या मध्यावर, थोरलीजवळ पोचले आणि तिच्या वर केलेल्या पायांकडे टकमक बघत उभे राहिले.

थोरलीच्या मिटल्या डोळ्यांवरून एक गार सावली सरकली. तिने डोळे उघडले. वर घार होती. पंख मिटून ती सरळ खाली येत होती.

थोरली विचार करायला थांबली नाही. “टिटिव्! टिटिव्!” असा तिने माळ हादरवणारा कल्ला केला, एका उसळीत ती सुलटी झाली आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवून, पंख फुलवून पिल्लावर उभी राहिली. तिची चोच घारीच्या थेट डोळ्यांवर होती. घार हातभर अंतरावर बिचकली, वळली आणि वर निघून गेली.

सगळ्या टिटव्या धावत आल्या. आणि अचानक सगळ्या जागच्या जागी थबकल्या.

कारण त्या घटकेला, भर दुपारी, अख्ख्या माळावर एकाही टिटवीचा पाय वर नव्हता.

सगळ्यांनी वर पाहिले. थोरलीनेही पाहिले. सूर्य माथ्यावर होता. आभाळ होते तिथेच होते, आणि त्यात ती घार लांबवर घिरट्या घालत होती.

थोरली कितीतरी वेळ तशीच मान वर करून उभी राहिली. तिच्या पंखाखालून पिल्लाने डोके बाहेर काढले. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मग माझी ती अंडी?”

थोरलीने किती उन्हाळे आभाळ पेलले होते आणि त्या उन्हाळ्यांत किती खळगे गप्प झाले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. इतके दिवस ती कशाला धरून बसली होती, ते धाकटीला त्या क्षणी कळले. हरल्याचे दुःख थोरलीला नव्हतेच. आभाळ आपोआप उभे असेल, तर आपली अंडी कशापायी गेली, हा प्रश्न तिला नको होता.

“खरं सांगू, आजी?” धाकटी पुढे होऊन म्हणाली. “आभाळानं ती कधी मागितलीच नव्हती.”

शेजारीण कुजबुजली, “अगं, आज तरी...”

“आज नाही तर कधी? मी खोट्यालाच धरून बसले असते, तर हे पिल्लूही आभाळाच्या वाट्याला गेलं असतं.” मग धाकटी थोरलीकडे वळली. “आजी, हे पिल्लू मात्र तुमच्या पायांनी वाचवलं. जमिनीवर टेकलेल्या पायांनी.”

थोरली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला तेव्हा माळाचा मध्य मोकळा होता. थोरली तळ्यात पोटापर्यंत उतरली होती. शेजारणीची अंडी अजून फुटायची होती आणि ती बिचारी उन्हाने धापा टाकत होती. थोरली ओल्या पोटाने खळग्याशी आली आणि तिला चोचीने ढोसून म्हणाली, “ऊठ. पाणी पिऊन ये.” मग ती स्वतः अंड्यांवर बसली. सवयीने तिचा एक पाय उचलला गेला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि तो खाली टेकवला.

“आजी, जड वाटतंय का हो आज?” परत आलेल्या शेजारणीने खोडसाळपणे विचारले.

“चूप!” थोरली म्हणाली. तिने मान वाकवून कान अंड्याला लावला होता. “ऐकू दे जरा. आत कुणीतरी आहे.”

तात्पर्य : जी समजूत खोटी ठरायला एकही वाट ठेवत नाही, ती कितीही जुनी असली तरी ज्ञान नव्हे. ती तपासा, आणि आजच तपासा; कारण थोरांच्या न तपासलेल्या खात्रीची किंमत नेहमी अंड्यांतल्या जिवांना मोजावी लागते.