बाग होती तशी

घोडागाड्यांच्या काळातली गोष्ट. इंग्लंडातल्या एका खेड्याबाहेर एक दगडी हवेली होती आणि हवेलीपेक्षा तिच्या बागेचंच नाव मोठं होतं. हवेलीचा म्हातारा मालक वारला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळं त्याच्या पुतणीकडे, हॅरिएटकडे आलं. जाताना तिचा हात धरून काका एवढंच म्हणाले होते, "पोरी, बाग होती तशी ठेव."

हॅरिएट शहरात वाढलेली. तिने डोळे पुसत मान डोलावली. पण पहिल्यांदा बागेत एकटी उभी राहिली तेव्हा ती गोंधळली. होती तशी, म्हणजे कधी होती तशी?

काकांची बहीण, म्हणजे हॅरिएटची आत्या, हवेलीतच राहायची. तिने हिरवळीकडे बोट दाखवलं. "इथे कुठलं आलंय गवत! माझ्या लहानपणी इथे गुलाबच गुलाब होते. खरी बाग ती."

हॅरिएटने हिरवळ खणून गुलाब लावले. ते रुजतात न रुजतात तोच म्हातारा माळी टोपी हातात घेऊन आला.

"बाईसाहेब, गुलाब मागाहून आले. माझे आजोबा सांगायचे, इथे कातरलेल्या झुडपांच्या रांगा होत्या. गालिच्यावरच्या नक्षीसारख्या."

गुलाब निघाले, झुडपं आली. आत्या रुसून जेवायला खाली येईना. इतक्यात गावचे पाद्रीबाबा चहाला आले आणि सहज बोलून गेले, "सगळ्यात जुनी बाग तर म्हणे तुमच्या त्या बागेतल्या तळ्याखाली आहे. तुमच्या पणजोबांनी ओढा अडवला आणि ती बुडाली."

कुणाचं ऐकावं? शेवटी हॅरिएटने मनाशी ठरवून टाकलं, जी सगळ्यात जुनी तीच खरी.

"तळ्याच्या बांधातलं पाणी सोडायचं दार उघडा," ती माळ्याला म्हणाली.

तो चाचरला. "मासे आहेत, बाईसाहेब. शिवाय उन्हाळ्यात ओढा आटला की गाव याच पाण्यावर असतं."

"मी काकांना शब्द दिलाय."

दार उघडलं. पाणी उतारावरून धावत सुटलं. दुपारपर्यंत तळाचा काळा चिखल उघडा पडला. बागेचा मागमूस नव्हता. होते ते फक्त तडफडणारे मासे.

गावातली माणसं बादल्या घेऊन धावत आली. एका बाईने एक मोठा मासा ओल्या एप्रनमध्ये गुंडाळून उचलला आणि हॅरिएटकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बाईसाहेब, आमचं काही चुकलं का?"

हॅरिएट तशीच बुटांसकट चिखलात उतरली, माळ्याच्या जोडीने जोर लावून तिने दार बंद केलं आणि मग सगळ्यांबरोबर मासे वेचू लागली. घोड्यांच्या पाण्याचे हौद माशांनी भरले. तरी कितीतरी मासे गेलेच.

संध्याकाळी ती पायरीवर बसली होती. आत्या शेजारी येऊन टेकली.

"आत्या, काकांना नेमकी कुठली बाग हवी होती गं?"

"त्याला?" आत्या म्हणाली. "दर वर्षी काहीतरी उपटायचा आणि काहीतरी लावायचा. ते गुलाब त्यानेच काढले होते. किती भांडले होते मी त्याच्याशी! तळ्याला मात्र त्याने कधी हात लावला नाही. गावाचं पाणी आहे म्हणायचा."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू बागेबद्दल विचारलंस, पोरी. त्याच्याबद्दल कुठे विचारलंस?"

ओढ्याच्या पाण्याने तळं हळूहळू भरलं. झुडपं राहिली, आत्याच्या खिडकीखाली थोडे गुलाब परतले. तळ्याकाठी हॅरिएटने स्वतःच्या आवडीचं नासपतीचं रोप लावलं.

माळी डोकं खाजवत म्हणाला, "पण बाईसाहेब, इथे नासपती कधीच नव्हती."

आपण बरोबर करतोय की नाही, हे हॅरिएटला अजूनही पक्कं ठाऊक नव्हतं. तिने झारी उचलली.

"आता आहे," ती म्हणाली.

या गोष्टीचं तात्पर्य: वाडवडिलांचं जपायला निघालेल्याने आधी पाहावं, आज त्याच्या आधाराने कोण कोण जगतंय.