थोडं अजून

“…म्हणजे ‘नाही’ तर म्हणायचं, पण समोरचा माणूसही तुटता कामा नये. चाचा, हे जमवायचं कसं?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेतल्या त्या गल्लीत ते साठ वर्षं सतारी आणि तंबोरे बनवत बसले होते. विचारल्याबरोबर उत्तर द्यायची सवय त्यांना कधीच नव्हती.

“कोण माणूस?”

“रणदिवेसाहेब. जाहिराती करतात. एका मसाल्याची जिंगल हवीय त्यांना.”

“मग कर की.”

“सहा केल्या.”

“पैसे?”

“नाही… म्हणजे हे नमुने आहेत. पसंत पडली की वर्षभराचं काम देणार आहेत.”

“हं.”

विचारणारा शिरीष तरुणपणी पाच वर्षं याच दुकानात जवारी लावायला, म्हणजे तारांचा सूर खुलवायला, शिकला होता. पुढे सांगलीला राहत्या घरीच छोटा स्टुडिओ टाकून तो जाहिरातींना संगीत देऊ लागला. आपण कुणाचे नोकर नाही, आपल्या मर्जीचे मालक, असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. या मालकांचा फोन सकाळपासून अकरा वेळा वाजला होता.

“पहिली त्यांना फार शहरी वाटली,” तो सांगू लागला. “दुसरी फारच गावरान. आता म्हणतात, सहावी छान आहे, फक्त थोडी अजून उठावदार करून द्या. आठ सेकंदांचं तर काम आहे म्हणतात. आज पाचपर्यंत हवीय.”

“आणि तू देणार.”

“मी म्हणून देतोय, चाचा. दुसरा कुणी असता तर कधीच सोडून पळाला असता. त्यांनाही माहीत आहे, माझ्यासारखं कुणी करून देणार नाही. एकदा मनासारखं उतरलं की…”



चाचांनी त्याने आणलेल्या तंबोऱ्याची गवसणी सोडली. तंबोरा शिरीषच्या बायकोचा, वैजयंतीचा. मुलगी झाल्यापासून तिचं गाणं बंद होतं. उद्या सकाळी, आठ वर्षांनी, सांगलीत ती लोकांसमोर गाणार होती. तंबोरा बद्द बोलत होता आणि त्याची जवारी लावून आणायचं शिरीषने महिन्यापूर्वीच कबूल केलं होतं. मग या जिंगला आल्या.

काल तिने नुसता तंबोरा आणून दाराशी ठेवला होता. शिरीषला ते फार लागलं होतं.

चाचांनी तारा सैल केल्या आणि बारीक कानस त्याच्या हातात दिली.

“मी? आठ वर्षांत हात लावला नाही, चाचा.”

“मी सांगतो की.”

तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात, तिची पाठ हलक्या हाताने घासायची असते. उतार जमला की तार घोडीला टेकत टेकत हलते आणि सूर खुलतो. जवारी लागली म्हणतात ती हीच. मात्र एकदा घासलं गेलं की ते परत भरता येत नाही.

शिरीषने घासलं, तार चढवली, छेडली. आवाज दबलेलाच होता.

“थोडं अजून,” चाचा म्हणाले.

त्याने पुन्हा घासलं. सूर जरा मोकळा झाला.

“थोडं अजून.”

तिसऱ्या वेळी तार छेडली आणि शिरीषचा हात तसाच हवेत राहिला. सूर दुकानभर पसरला होता. भिंतीवर टांगलेल्या सतारींच्या तारासुद्धा बारीक गुणगुणत होत्या. त्याला एकदम वैजयंती आठवली, लग्नाआधीची, डोळे मिटून षड्ज लावणारी.

“थोडं अजून.”

“…चाचा, मला वाटतं…”

“घास की.”

त्याने घासलं. सूर किंचित फाटला. त्याने चाचांकडे पाहिलं. एवढा मोठा उस्ताद, साठ वर्षांचा कान. आपलंच काही चुकत असेल.

“थोडं अजून.”

पाचव्या वेळी तार नुसती खरखरली. शिरीषने तारेखालचा सुती दोरा पुढे सरकवून पाहिला, मागे सरकवून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

त्याने कानस खाली आपटली.

“गेली! घोडी गेली, चाचा! तिसऱ्या वेळीच लागली होती!”

“ठाऊक आहे.”

“तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“नाही.”

“म्हणजे?”

“बोललेलं ऐकू येतं मला. जवारीतलं ते बारीक असतं ना, ते तीन वर्षं झाली, येत नाही. वय झालं. गिऱ्हाईक तार छेडतं, मी त्याच्या तोंडाकडे बघतो. तिसऱ्या वेळी तुझ्या तोंडावर दिसलं.”

“मग पुढे दोनदा ‘थोडं अजून’ कशाला म्हणालात?”

“म्हणायला काय लागतं?”

शिरीषला भयंकर राग आला होता, पण तो काढायचा कुणावर हे कळेना. कानस सगळा वेळ त्याच्याच हातात होती.

चाचांनी फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत नव्या घोड्या होत्या, घडवून ठेवलेल्या, जवारी लावायच्या राहिलेल्या. एक निवडून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली.

“किती वेळ लागेल?” शिरीषने विचारलं.

“तुला माहिताय की.”

माहीत होतं. अडीच तास. घड्याळात पावणेदोन वाजले होते. हे करून सांगलीला परतायचं म्हटलं तर पाचपर्यंत सातवी जिंगल काही होत नव्हती.

“चाचा, निदान सुरुवात तुम्ही करा. तोवर मी इथेच बसून जरा…”

“मला ऐकू येत नाही, म्हटलं ना.”

तेवढ्यात फोन वाजला. रणदिवेसाहेब. शिरीषने तो वाजू दिला. बंद झाला, परत वाजला. मग त्याने उचलला.

“साहेब, सातवी होणार नाही… नाही, तब्येत ठीक आहे… नाही, उद्याही नाही. तुमच्याकडे सहा आहेत, त्यांतली एक घ्या. अजून काही हवं असेल तर आधी कामाचं पक्कं ठरवू, मग बसतो करायला.”

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. शिरीषचा कान लाल झाला.

“…बघा मग दुसरं कुणी,” तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला. वर्षभराचं काम गेलं, असं त्याच्या मनात आलं आणि भीती वाटली. चाचांनी माठातलं पाणी भरून पेला त्याच्यापुढे केला.

पाणी पिऊन शिरीषने कानस उचलली.

घासायचं, तार चढवायची, छेडायची, परत सैल करायची. पहिला तासभर मन रणदिवेसाहेबांपाशीच होतं आणि हात नुसताच चालत होता. मग केव्हातरी तेही कामात उतरलं. सव्वाचारच्या सुमाराला त्याने तार छेडली आणि तो थांबला.

“थोडं अजून,” चाचा म्हणाले.

“नाही, चाचा. लागली.”

“बघ हं. उद्या गाणं आहे.”

“लागली.”

चाचांनी त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळवा टेकवला आणि तसेच बसून राहिले. शिरीष चारी तारा छेडत होता.

बऱ्याच वेळाने त्याने गवसणी बांधली, वाकून नमस्कार केला.

“येतो, चाचा.”

“अरे, जाता जाता…” चाचांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे दोन नवे तंबोरे भिंतीला टेकून उभे होते. “एवढ्या दोन्हींची जवारी लावून दे की. तुला ऐकू येतं. दहा मिनिटांचं तर काम.”

शिरीष दारातच थांबला. ज्यांनी शिकवलं त्यांना काय सांगायचं… ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं.

“दहा मिनिटांचं नाही ते, चाचा. एकेकाला अडीच तास लागतात.”

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

“मग काय घेशील, बोल.”