शिवलेली भाषा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सखाराम लचके नावाचे शिंपी दर रविवारी एस्पेरांतो शिकवीत. देशोदेशींच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मुद्दाम बनवलेली ही भाषा. विद्यार्थी नऊच होते, पण लचक्यांचा सगळा जीव त्या वर्गात होता.

वार्षिक सभेत अध्यक्ष प्राचार्य गद्रे यांनी तो वर्ग बंद करण्याचा ठराव मांडला.

“अहो लचके,” ते म्हणाले, “भाषा जन्माबरोबर मिळते. ती काय तुमच्या मशीनवर शिवता येते? असल्या बनावट भाषेला आमची खोली मिळणार नाही.”

सभा हसली. लचके हात जोडून उठले.

“सर, जन्माबरोबर मिळालेलं मोलाचंच. माझी मराठी मी जपतोच. पण जन्माबरोबर आपल्याला कातडीही मिळालीय. तरी चार लोकांत येताना आपण मी शिवलेला कोट घालून आलात. त्याला कुणी बनावट म्हणालं नाही.”

मग गद्रेच मोठ्याने हसले आणि त्यांनी ठरावाचा कागद खिशात घातला.

“राहू दे खोली तुमच्याकडे. पण बाही आखूड झालीय हो याची.”

“रविवारी वर्गाला या, सर. धडा संपला की माप घेतो.”